तिसऱ्या गिअरचे दात

बेलवलीच्या जितेश भोईरला वेगाचं भारी वेड. दिवसभर गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्या गुमान दुरुस्त करायचा, पण जीव सगळा मागच्या शेडमधल्या लाल हॅचबॅकवर. जुन्या इंजिनाला त्याने टर्बो बसवला आणि ताकद जवळजवळ दुप्पट केली. लगेच क्लच घसरायला लागला. इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र रेंगाळायची. जितेशने उल्हासनगरच्या बाजारातून कडक क्लच आणून चढवला. आता सगळा जोर सरळ चाकांना!

पहिल्याच रेसला तिसरा गिअर टाकला आणि ‘खाड्’ असा आवाज आला. इंजिन चालू, चाकं मोकळी. गाडी न्यायला पालेगावचा दोस्त भूपेश टोइंगचा ट्रक घेऊन आला.

गिअरबॉक्स उघडला तर तिसऱ्याचे दात तेलात पडलेले. “माल कच्चा,” म्हणत जितेशने अंबरनाथच्या एमआयडीसीतून चांगल्या पोलादाचे गिअर कापून आणले. पुढच्या रेसला तेही गेले.

“काय भाऊ, आपली वरात ठरलेलीच का?” भूपेश हुक लावता लावता म्हणाला.

या वेळी मात्र जितेश तुटके दात हातात घेऊन बसून राहिला. घासल्याच्या खुणा फक्त टोकाकडे होत्या. मग त्याची ट्यूब पेटली. एवढ्या रेट्याखाली आतले शाफ्ट एकमेकांपासून लांब सरकत होते, वरचं ॲल्युमिनियमचं कवचसुद्धा फाकत होतं. दात पुरते बसायचेच नाहीत, नुसतं टोकाला टोक लागायचं आणि तुटायचं. बॉक्स बनवला होता जुन्या गरीब इंजिनासाठी. जुना क्लच घसरून बॉक्सला सांभाळत होता, तर ह्यानेच त्या क्लचला हाकललं!

हे सगळं त्याने तावातावाने शलाकाला ऐकवलं. शलाका त्याची बायको, बदलापुरात ड्रायव्हिंग शिकवते.

“बरोबर आहे,” ती म्हणाली, “पण तू गिअर टाकतोस की कुणाच्या कानाखाली मारतोस? खालच्या गिअरांत टर्बोचा जोर उतरव. आणि रेसला गाडी मला दे.”

“माझी गाडी?”

“तुझीच रे. मी काय विकायला नेतेय?”

जितेशचं तोंड दोन दिवस फुगलेलं. मग गपचूप त्याने नवे गिअर चढवले, टर्बोचा जोर उतरवला, शाफ्ट सरकू नयेत म्हणून बेअरिंगच्या बाजूला जाड आधारपट्टी बसवली आणि चावी तिच्यापुढे ठेवली.

रेसच्या दिवशी दोरीपलीकडे उभा राहून तो नुसता कान देऊन ऐकत होता. दुसरा पडला. तिसरा... त्याने डोळेच मिटले. आवाज एकसुरात चढत गेला आणि चौथा अलगद पडला. शलाका पाचवी आली, पण गाडी धड होती. जितेश धावत गेला तो थेट गाडीखाली शिरला, तेल गळतंय का बघायला.

“अरे ए, बायको वर बसलीये!” शलाका ओरडली.

तो काळ्या हातांनीच बाहेर आला, हसला आणि तिचा हात घट्ट धरला. भूपेशचा ट्रक रिकामाच परत गेला.

“मी घेऊ चालवायला?” घरी निघताना जितेशने विचारून पाहिलं.

“बस बाजूला.”

तो बसला. कल्याण यायच्या आत घोरायलाही लागला.