पट्ट्यांमागे वळणारी मान

प्रयोगशाळेतल्या छोट्या चौथऱ्यावर उंदीर बसलेला असतो आणि त्याच्याभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पडदा संथ फिरत असतो. दिसत असेल तर उंदराची मान पट्ट्यांमागे आपसूक वळते. दिसत नसेल तर तो नुसता बसून राहतो, कुणाच्या आठवणीत हरवल्यासारखा.

या उंदरांच्या शरीराने स्वतःच्याच डोळ्यांच्या नसेला शत्रू मानलंय. तिची सूज उतरावी म्हणून काहींना अँटिऑक्सिडंट औषध दिलंय, काहींना नुसतं पाणी. कुणाला काय दिलं, ते निरीक्षण करणाऱ्याला, म्हणजे मला, सांगत नाहीत. मन लबाडी करतं ना!

माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार आहे. परवा करंडा उघडून ती म्हणाली, "ताई, कुंकू इतकं फिकं कसं गं?" कुंकू लालभडक होतं. आपलंच घर आपल्याला ओळखेनासं झालं, की रंगही असे हलकेच निघून जात असतील का?

"वळली बघ मान!" आज मी आनंदाने म्हणाले.

शेजारी उभी असलेली माझी सहकारी नीलिमा हळूच म्हणाली, "अगं, उंदीर बसलाय तसाच. तुझी मान वळतेय."