विहिरीतला हिरवा दगड

नातीनं समुद्राच्या तळातून आलेला, हिरव्या रेघांचा काळा दगड माझ्या तळहातावर ठेवला. "आजी, थिजलेल्या लाव्हाच्या भेगांत समुद्राचं पाणी मुरत राहतं, तेव्हा हे हिरवं खनिज तयार होतं." मी त्या हिरव्यावर बोट फिरवलं. ते साबणासारखं लागलं, आणि मी थेट तळेगावच्या विहिरीत जाऊन पोचले.

धम्मदीक्षेनंतरचा पहिला उन्हाळा होता. गावच्या विहिरीवर आम्हांला मज्जाव, म्हणून वस्तीनं स्वतःची विहीर खोदायला घेतली होती. मी नवी सून. त्या दुपारी सासूबाई आणि मी, आम्ही दोघी तळाशी टोपल्यांत दगड भरत होतो. एकाएकी वरची कड ढासळली आणि दोराची शिडी तुटून खाली आली.

"हलू नोका! दोर आणून राह्यलो!" वरून सासरे ओरडले.

खाली सुरुंगाच्या दारूचा वास कोंडला होता. माती अजून सुटतच होती. मला श्वास घेता येईना.

"काऊन रडून राह्यली?" सासूबाई म्हणाल्या. "हे पाह्य, दगड हिरवा हाय, ओला हाय. पानी जवळच हाय."

मला त्यांचा रागच आला. मी मरायला टेकले होते आणि ही बाई पाणी शोधत होती.

दोर आला तेव्हा त्यांनी तो माझ्या कमरेला बांधला. "पयले तू जाय." मी नाही म्हटलं नाही. मागून त्याही सुखरूप वर आल्या. दोन दिवसांनी तिथंच पाणी लागलं.

सगळ्यांनी त्यांच्या धीराचं कौतुक केलं, मीही केलं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे, आणि आता वेगळंच आठवतं. दोर बांधताना त्यांचे हात इतके कापत होते की गाठ तीनदा सुटली होती.