शूटिंगवाल्या चाचांचं कार्ड

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून आमच्या शूटिंगवाल्या चाचांइतका कुणाचंच न ऐकणारा माणूस झाला नाही. लग्नांच्या शूटिंगला ते पासलीपासून सारोळ्यापर्यंत जायचे, आणि गेले की लग्न भटजींचं राहायचं नाही, चाचांचं व्हायचं. एकदा ऐन मंगलाष्टकांत कॅसेट संपली, तर त्यांनी हात वर करून भटजींना थांबवलं, शांतपणे दुसरी घातली आणि मागचं कडवं पुन्हा म्हणायला लावलं. मुहूर्त टळतोय म्हणून नवरीचा मामा तणतणला. चाचा त्याला म्हणाले, "मुहूर्त आज हाय. कॅसेट तुमची नातवंडं बघनार."

छोट्या कॅसेटचा डिजिटल कॅमेरा घेतल्यावर दोनेक वर्षांनी, मिक्सिंगला पुण्याला काही द्यायचं नाही, सगळं भोरच्या माझ्या कम्प्युटर क्लासातच करायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलं. कॅसेटवरचं चित्र कम्प्युटरात उतरवायला त्याच्या आत एक कार्ड बसवावं लागतं. ते आणायला आम्ही एसटीने पुण्याला गेलो. दुकानदाराने लाल-पिवळ्या वायरींचं एक भलंमोठं कार्ड पुढे केलं. सगळे शूटिंगवाले हेच नेतात म्हणाला. चाचांना हवं होतं फायरवायरचं, डिजिटल चित्र जसंच्या तसं आत घेणारं, बोटभर लांबीचं. दुकानदार हसला. मीही त्याचीच बाजू घेतली, याची मला आजही लाज वाटते. चाचांनी पिशवीतून कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला.

"ह्याच्यातलं चित्र आधीच डिजिटल हाय. तुमचं कार्ड ते मोडनार आन् परत डिजिटल करनार. मग फिकं न्हाई का पडनार? दोनी जोडून दावा. बघून नेतो."

असं दाखवत नाहीत, म्हणून दुकानदाराने सांगितलं. चाचा स्टूल ओढून बसले. गिऱ्हाइकं आली, गेली. चाचा हलले नाहीत. दुपार कलल्यावर वैतागून त्याने दोन्ही कार्डं जोडली. मोठ्या कार्डावर चाचांच्या कॅमेऱ्यातलं झाड म्हणजे नुसता हिरवा ढिगारा दिसला, छोट्यावर पान न् पान वेगळं. दुकानदाराने मुकाट्याने छोटं कार्ड बांधून दिलं.

भोरला येऊन मी ते बसवलं. चाचांनी आतल्या खिशातून एक कॅसेट काढली. पडद्यावर भाटघरचं धरण आलं. दगडावर डबा उघडून बसलेल्या चाची कॅमेऱ्यापुढे हात धरत म्हणत होत्या, "पुरं झालं आता, जेवून घ्या." चाचींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. चाचींची दुसरी कॅसेट पुण्याला मिक्सिंगला दिलेली, ती परत आली तेव्हा चाची पुसून तिच्यावर कुणाचीतरी वरात भरलेली होती.

"ही एकच ऱ्हायली, मास्तर," चाचा हळूच म्हणाले. "फिकी कशी पडू देऊ?"

कॉपी झाली. चाचा उठले नाहीत. मी कॅसेट पुन्हा सुरुवातीला नेली.