वर्षाराणीची फिल्म

योगीराज आमच्या अंबाजोगाईच्या स्कॅन सेंटरमध्ये कंप्युटर सांभाळतो. घाटनांदूरचा माणूस, बोलायला लई कंजूष. रुग्णांच्या फिल्म साठवायचं जुनं सॉफ्टवेअर त्यानं उसवून नव्यानं बांधायला काढलं, तेव्हा काउंटरवरून मी दोन महिने रोज कटकट केली. चाललंय ते चालू द्यावं की! तो म्हणायचा, फिल्मला रुग्णाचं नाव देऊन ठेवणं चूक हाय, नंबर पाहिजे. शिवाय जुना सर्व्हर सहाशे चित्रांची फिल्म एकदम उचलायला जायचा आणि तिथंच अडकून बसायचा. आता ती तुकड्यातुकड्यानं जाणार होती. मला त्यातलं कळतंय कप्पाळ!

सोमवारी नवं चालू झालं आणि पहिल्याच तासाला सत्यशीला आली. यकृतावर गाठ. डॉक्टरांनी साफ सांगितलं, चार वर्षांपूर्वी इथंच काढलेल्या फिल्ममध्ये होती तेवढीच असेल तर ऑपरेशन नको. वाढली असेल किंवा ती फिल्म मिळालीच नाही, तर पोट उघडावं लागेल. नवी फिल्म निघाली. जुनी काही केल्या सापडेना. पोरगी पांढरीफटक पडली. माझा पारा चढला आणि भरल्या काउंटरवर मी योगीराजला म्हणाले, बुडवलं ना सगळं, झालं समाधान?

तो सत्यशीलाकडं वळला. तिला विचारलं, "ताई, लग्नाआधी नाव काय होतं?"

"वर्षाराणी. सासरी बदललं."

गेल्या साली ती आमच्याकडंच रक्त तपासायला आलती, तेव्हा तिच्या नोंदीवर सासरचं नाव मीच चढवलं होतं, मोठ्या हुशारीनं. नोंद सत्यशीलाची झाली, फिल्म वर्षाराणीच्या नावावर राहिली. चूक माझी आणि बोलणी त्यानं खाल्ली.

फिल्म हलवताना योगीराजनं कुठल्याच नोंदीशी नाव न जुळणाऱ्या बेवारस फिल्मांनाही नंबर देऊन त्यांची वेगळी यादी ठेवली होती. वर्षाराणी, माहेरचं गाव दिंद्रुड, त्या यादीत निघाली. बटण दाबलं आणि चित्रं लगेच एकेक करून येऊ लागली. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या, मापं घेतली, पुन्हा घेतली. गाठ तेवढीच होती. घरी जा म्हणाले.

हुश्श! तिच्याआधी मीच रडले. योगीराजची माफी मागितली, सगळ्यांदेखत. तो नोंद दुरुस्त करायला बसला, तशी ती काउंटरवर वाकली.

"वर्षाराणी पुसू नका, दादा. आईनं ठेवलेलं नाव हाय."

"पुसायची गरजच न्हाई, ताई," तो म्हणाला. "दोन्ही राहतील."