केतकीची चिमूट

“पोलिओ वाटत नाही,” डॉक्टर हिंदीत म्हणाले, “मला हा जीबीएस वाटतोय.”

पहिलं ऐकून मी हात जोडले, आणि दुसरं ऐकून ते तसेच राहिले. पोलिओ नाही म्हणून आनंद मानायचा, की हे त्याहून वाईट आहे? मी श्रीकांतकडे, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. आमची पाच वर्षांची केतकी तपासणीच्या खाटेवर पाय सोडून बसली होती. डॉक्टर रबरी हातोडीनं तिच्या गुडघ्यावर टकटक करत होते आणि पाय जरासुद्धा उडत नव्हता. तिला तो खेळ वाटला. “और मारो,” ती म्हणाली.

जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. मला पुढे कित्येक दिवस ते नाव धड म्हणता आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. शरीर एखाद्या साध्या संसर्गाशी लढायला उठतं आणि लढता लढता स्वतःच्याच नसांवर तुटून पडतं. विजेच्या तारेवर असतं तसं नसांवर आवरण असतं, ते खराब होतं. मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. दुखणं पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं.

“वर म्हणजे कुठपर्यंत?” श्रीकांतनं विचारलं.

“श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाऊ शकतं. म्हणून तिला आत्ताच दाखल करायचं.”

त्याआधीचं सांगायला हवं. आम्ही दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. सेक्टर अर्धा बांधलेला, चहूकडे सळया आणि वाळूचे ढीग. पाणी टँकरचं. केतकीला जुलाब झाले, तसे सेक्टरमधल्या बऱ्याच मुलांना झाले होते. ती बरी झाली. मग तिच्या पायातून चप्पल निसटायला लागली. पट्टा सैल असेल, असं मला वाटलं. जिना चढताना ती कठड्याला लोंबकळू लागली. “पायात मुंग्या चावतायत,” म्हणाली, तर मी खरोखरच मुंग्या शोधल्या. आणि एका सकाळी पलंगावरून उतरली ती खाली बसलीच. रडली नाही, नुसती पायांकडे बघत राहिली.

दिल्लीला जाताना यमुनेच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत तिला मांडीवर घेऊन मी एकच गोष्ट घोकत होते, आपण पोलिओचे सगळे डोस दिलेत. पल्स पोलिओचे रविवार तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. दिल्लीतल्या त्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेल्या गेल्या त्यांनी तिच्या शौचाचा नमुना मागितला. पाय चालत नाहीत आणि शौच कशाला, हे मला कळेना. नंतर समजलं, मुलाचे हातपाय असे अचानक लुळे पडले की पोलिओ नाही याची खात्री करून घ्यावीच लागते.

मग लंबर पंक्चर, म्हणजे कमरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. मग नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांना विजेचे बारीक झटके देऊन निरोप किती वेगानं जातो ते पाहणं. प्रत्येक तपासणीनंतर कुणीतरी काहीतरी सांगायचं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसून त्याचा अर्थ लावायचो. “वाढलेलं आहे” हे चांगलं की वाईट? “अपेक्षेप्रमाणे आहे” म्हणजे कुणाच्या अपेक्षेप्रमाणे?

सगळ्यात गोंधळाची तपासणी सगळ्यात साधी होती. एका श्वासात किती आकडे म्हणता येतात, हे डॉक्टर रोज बघायचे. आकडे कमी झाले तर श्वास दमतोय असं समजायचं. केतकी घरी मराठीत मोजायची, शाळेत हिंदीत. एके दिवशी ती “एक, दोन, तीन, चार, पाँच” करत गेली आणि मध्येच थांबली. डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं यंत्र, कुठे मोकळं आहे असं काहीतरी ते बोलले. मग केतकीच म्हणाली, “आई, छह को मराठी में क्या बोलते हैं?”

“सहा,” मी म्हटलं.

ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि कालच्या आकड्याच्या पुढे गेली. डॉक्टर हसले नाहीत. “आजपासून फक्त हिंदीत,” एवढंच म्हणाले. मी मात्र व्हरांड्यात जाऊन हसले, आणि ते हसू रडण्यात कधी गेलं ते कळलं नाही.

तिला आयव्हीआयजी दिलं. दात्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिद्रव्यं सलाइनसारखी थेंब थेंब चढवतात. हल्ला थोपवायला त्यांचा उपयोग होतो. दुखणं हातांतही चढलं होतं, पण छातीपर्यंत गेलं नाही. काही दिवस होतं तिथेच थांबलं, आणि मग पाय हळूहळू परतू लागले. ती भिंत धरून उभी राहिली तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आलो आणि वाटलं, सुटलो. पण हात मागे राहिले होते. चमचा वाटीत आपटायचा. फ्रॉकचं बटण समोर दिसायचं, बोटं तिथवर जायची आणि नुसती चाळवायची. पाव तोडून द्यावा लागे. डॉक्टर म्हणाले, “टोकाच्या नसा शेवटी भरून येतात. तिला खेळू द्या. पण दमवू नका.”

किती म्हणजे दमणं? हे मात्र कुणी सांगेना. शेजारच्या चड्ढा आंटी म्हणायच्या, “मोहरीच्या तेलानं चोळ, खूप काम करून घे, हात खुलतील.” सासूबाई फोनवर म्हणायच्या, पोरीला झोपू दे. मी दोघींनाही “हो” म्हणायचे.

हॉस्पिटलात हातांच्या व्यायामासाठी सुजा मॅडम होत्या, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या. केरळच्या, हिंदी माझ्यापेक्षा कच्चं. त्या म्हणाल्या, “फाइन मोटर गेलंय, तेच परत आणायचं.” म्हणजे बोटांच्या लहान स्नायूंची बारीक कामं. त्यातलं मुख्य पिंसर ग्रास्प. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली.

“चिमूट,” मी म्हणाले.

केतकीला तो शब्द माहीत नव्हता. तिनं तो दोनतीनदा म्हणून पाहिला आणि तिला आवडला.

“अशी खेळणी द्या,” सुजा मॅडम म्हणाल्या, “ज्यात काम खेळणं नाही, मूल करेल. फार सोपं नको, फार कठीणही नको.”

मी अट्टा मार्केटात गेले. तेव्हा दुकानं परदेशी मालानं नुसती ओसंडत होती. रिमोटची गाडी, गाणारी बाहुली, डोळे मिचकावणारं विमान. मी दुकानदाराला म्हटलं, मुलीला चिमटीत काहीतरी पकडायचंय. त्यानं मला एक बंदूक दाखवली. शेवटी मी लाकडी मणी आणि ओवायची दोरी घेतली, खुंट्या रोवायचा पाट घेतला, कणकेसारखी रंगीत माती घेतली. मोठ्या उत्साहानं सगळं चटईवर मांडलं.

केतकीनं एकदा सगळ्यावर नजर फिरवली. “ये तो बेबी का है,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दोन मणी ओवायची, तिसरा सांडायचा, मग दोरीच फेकायची. मणी मोठे आणले तर तिला लाज वाटायची, लहान आणले तर जमायचे नाहीत. एक दिवस जास्त खेळली आणि दुसऱ्या सकाळी हात जड झाले. आजार उलटला या भीतीनं आम्ही पुन्हा पुलावर. “थकलाय हात, बाकी काही नाही,” डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन सगळी खेळणी पलंगाखाली सारली.

त्याच आठवड्यात श्रीकांतच्या ऑफिसातल्या मित्रांनी केतकीसाठी बॅटरीचा कुत्रा आणला. बटण दाबलं की भुंकायचा, चालायचा, कोलांटी मारायचा. म्हणजे सुजा मॅडमना नको होता नेमका तसाच. केतकी मात्र वेडी झाली. दिवसभर भो भो. आणि मग तो बंद पडला.

“मर गया?” तिनं विचारलं.

“बॅटरी संपली असेल,” श्रीकांत म्हणाला, “खोलून बघायला पाहिजे.”

“मी खोलते.”

पोटाखाली बारीक स्क्रू होता. श्रीकांतनं पेचकस दिला. तो तिच्या हातातून पडला. तिनं उचलला. पुन्हा पडला. मी पुढे व्हायला गेले, तर श्रीकांतनं माझा पदर धरला. ती पालथी पडली, कुत्र्याला गुडघ्यांत धरलं, जीभ ओठांत दाबली आणि पेचकस फिरवला. मध्येच थांबून, दमून, डोकं जमिनीला टेकवून पडली. ती उठून पुन्हा लागली. झाकण उघडलं तेव्हा तिनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “इसके अंदर तो कुछ भी नहीं है!”

त्यानंतर घरात काहीच धड राहिलं नाही. टॉर्च, घड्याळ, माझी शिलाईची पेटी. मी सुजा मॅडमना भीत भीत सांगितलं. त्यांनी केतकीचा अंगठा दाबून पाहिला. “मग तेच करू दे,” म्हणाल्या. “थकली की थांबवायचं, बस.”

म्हणजे योग्य खेळणं कोणतं होतं? तुमच्या घरी असं मूल असेल तर तुम्ही मला हे विचाराल, आणि मला अजूनही नीट सांगता येणार नाही. मी आणलेल्या खेळण्यांमागे माझी घाई होती, ती तिला दिसत असावी. शेवटच्या तपासणीत मी डॉक्टरांना सरळ विचारलं, “खेळण्यांनी बरी झाली, की औषधानं, की आपोआप?”

“मलाही माहीत नाही,” ते म्हणाले. “नसा आपल्या आपण वाढतात. खेळलेला हात त्यांची वाट बघत तयार राहतो, एवढंच.”

मोठ्या डॉक्टरानं “माहीत नाही” म्हटलं याचं मला किती बरं वाटलं! त्या डॉक्टरांची, सुजा मॅडमची, आपलं रक्त दिलेल्या अनोळखी माणसांची आठवण आली की आजही माझे हात आपोआप जुळतात.

त्या वर्षी राखीला केतकीनं चड्ढा आंटींच्या बंटीला राखी बांधली, कुणाची मदत न घेता. बराच वेळ लागला. बंटी बिचारा हात पुढे करून, बर्फीकडे बघत बसून राहिला. संध्याकाळी आंटी त्याला घेऊन आमच्या दारात. गाठ सुटेना. आधी आंटींनी प्रयत्न केला, मग मी, मग श्रीकांतनं दातांनी. शेवटी राखी कात्रीनं कापावी लागली.

“ऐसी गाँठ कौन मारता है?” आंटी म्हणाल्या.

मी कापलेली गाठ हातात घेऊन दारात उभी राहिले. नखानं उकलून पाहिली. नाही सुटली.