फ्लायव्हीलमधला पत्रा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ताईला तर — ताईला कसं सांगणार? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या माझ्या गॅरेजसमोरून गेलात तरी हाच तो, हे तुम्हाला कळायचं नाही.

वर्ध्यात माझं गॅरेज आहे. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर — असलीच कामं. आमच्याकडे क्लच बदलायला गाडी खोलली की फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं ते जड लोखंडी चाक, लेथ मशीनवर घासायला पाठवायचंच. ते गुळगुळीत झाल्याशिवाय नवी क्लच प्लेट बसवायची नाही, अशी रीतच आहे. लेथ भाऊजींचा होता — माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा. बाबा गेल्यावर त्यांनीच मला हाताशी धरलं, पाना धरायलाही त्यांनीच शिकवलं. त्यांची एक सवय होती. कुठलीही वस्तू मशीनवर चढवण्याआधी दोन्ही हातांनी हलवून बघायचे. जरा डगडगली की परत. मग ती सख्ख्या मेव्हण्यानं आणलेली का असेना.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इथल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या मुलानं मुंबईहून जुनी स्पोर्ट्स कार आणली. परदेशी, दोन दारांची, लाल. काही दिवसांत तिचा क्लच घसरायला लागला. शेठ म्हणाले, नागपूरला पाठवू. आणि मी चार लोकांसमोर म्हणालो — नागपूर कशाला, मी आहे ना. का बोललो? मला कोणी विचारलं होतं?

गाडी खोलली, फ्लायव्हील हातात घेतलं. ते एकसंध नव्हतंच. दोन चकत्या एकमेकींवर बसवलेल्या, आत स्प्रिंगा. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. वरची चकती थोडी फिरते, तशीच ती असावी, एवढं लक्षात आलं. पण ही झिजून वरखाली डगडगत होती. असलं फ्लायव्हील घासून उपयोग नाही, नवंच हवं — हे मला कळलं नाही असं म्हणू? कळलं होतं. पण नवं मागवायचं म्हणजे शेठसमोर जाऊन मान खाली घालायची. ते मला नको होतं.

भाऊजी हलवून बघणार आणि परत करणार, हेही ठाऊक होतं. मग मी ऑइलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला. बारीक पट्ट्या केल्या, दोन चकत्यांमधल्या फटीत ठोकल्या आणि वरून ग्रीस फासलं.

भाऊजींनी हलवून पाहिलं. हललं नाही. दोन तुकड्यांचं दिसतं, म्हणाले, आतून ढिलं तर नाही ना? मी म्हणालो, नाही, ते असंच असतं. तेवढ्यावर त्यांनी ते मशीनवर चढवलं आणि चकचकीत घासून दिलं. पट्ट्या नंतर काढायच्या होत्या — असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरंच काढायच्या होत्या का? काढल्या असत्या तर पुन्हा डगडगलं असतं. मी तसंच बसवलं.

गाडी पळाली. माझं नाव झालं. मग एक दिवस पवनारच्या अलीकडे फ्लायव्हील फुटलं, गिअरबॉक्सचं आवरण फोडून तुकडे रस्त्यावर आले. मुलाला काही झालं नाही. गाडी ओढत माझ्याकडे आणली. मी एकट्यानंच खोलली. फाटलेल्या पट्ट्या निघाल्या, त्या खिशात घातल्या.

शेठनी आम्हा दोघांना जिनिंगच्या आवारात बोलावलं. हमाल, दलाल, कापूस घेऊन आलेले लोक, सगळे बघत होते. शेठ ओरडले नाहीत, फक्त काय झालं ते विचारलं. आणि मी — पट्ट्या अजून खिशातच होत्या — म्हणालो, "लेथवर जास्त घासल्या गेलं."

भाऊजींनी एक तुटका तुकडा उचलला. त्यावर बराच वेळ अंगठा फिरवला. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघतील.

"असंल," ते म्हणाले. "माहाच हात चुकला असंल."

ते मला वाचवत नव्हते हो. त्यांना ते खरंच वाटलं. मी खोटं बोलीन, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

गिऱ्हाईक लगेच तुटलं नाही. भाऊजींनीच स्वतःवरचा भरवसा सोडला. एकच काम मोजायचे, पुन्हा मोजायचे, उतरवून पुन्हा चढवायचे. लोक ताटकळायचे आणि कंटाळून दुसरीकडे जायचे. शेवटी लेथ विकला. मी त्यांना माझ्या गॅरेजात बोलावून घेतलं, आणि लोक म्हणाले, सुधाकरनं बहिणीचा संसार सावरला. ताई दर भाऊबीजेला ओवाळताना म्हणते, "तू होता म्हणून निभलं रे बाबू." मी पाटावर बसून असतो. उठून जाऊ कुठे? आणि उठलोच तर काय सांगून उठू? आता सांगून भाऊजींना काय मिळणार, असं मी स्वतःला विचारतो. हा प्रश्नही माझ्याच सोयीचा आहे, हे मला कळतं.

भाऊजी मोठं काम घेत नाहीत. चाकं चढवतात, नट कसतात. झालं की तिकडून हाक येते, "सुधाकर, एकडाव तू पाह्यजो."

मी जातो. पाना लावतो. नट घट्टच असतात. एवढ्या वर्षांत एकही कधी सैल निघालेला नाही.

"बराबर हाय, भाऊजी," मी म्हणतो. मग कुठे त्यांच्या जिवात जीव येतो, आणि ते हात पुसायला घेतात.