पोच देण्याची रीत कोणाची

"आमच्या मामांनी घरातही कंट्रोल टॉवरच चालवला. मामी बिचारी साधीभोळी. मामांनी काही सांगितले की तिला ते शब्द न शब्द परत म्हणून दाखवावे लागे, नाहीतर मामांचे समाधान होत नसे. या कडक शिस्तीतूनच त्यांच्या कन्येचे आजचे यंत्र जन्माला आले."

हा मजकूर माझ्या सख्ख्या भाच्याचा आहे. बीडमध्ये आमच्या मुलीचा सत्कार झाला, त्या निमित्ताने निघालेल्या स्मरणिकेत तो पहिल्याच पानावर छापला गेला. त्यात माझी स्तुती आहे, तेव्हा मी गप्प बसेन, असे त्याला वाटले असावे. ज्याला माझा स्वभाव इतक्या वर्षांत कळला नाही, त्याने माझ्यावर लेख लिहू नये. या चार वाक्यांत खरे एवढेच आहे की मी त्याचा मामा आहे. बाकी सर्व मी खोडून काढणार आहे, आणि ते माझ्या पत्नीच्या वतीने, कारण तिला आता ते स्वतः करता येत नाही. गेल्या वर्षी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि वाणी दोन्ही गेली. डॉक्टर म्हणतात, तिला समजते सगळे, पण शब्द जागेवर सापडत नाहीत. तिच्याजवळ सध्या एकच शब्द उरला आहे, आणि तो म्हणजे 'हो'. भाच्याने तिला 'बिचारी' म्हटले, तेही तिला वाचून दाखवले, आणि तिने नेहमीप्रमाणे 'हो' म्हटले. त्यालाच तो पुरावा मानतो.

प्रथम यंत्राविषयी सांगितले पाहिजे, म्हणजे वाद कशाबद्दल आहे ते कळेल. विमान आकाशात असते तेव्हा लोक जीव मुठीत धरतात, आणि तेच विमान जमिनीवर चालू लागले की निर्धास्तपणे मोबाईल चाळत बसतात. मी नोकरीभर या जमिनीवरच्याच विमानांना वाट दाखवली. कोणत्या रस्त्याने जायचे, कोठे वळायचे, आणि मुख्य म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे कोठे थांबायचे, हे टॉवरमधून रेडिओवर सांगायचे. वैमानिकाने ते ऐकून परत म्हणायचे. आम्ही 'अलीकडे थांबा' म्हटले, तर त्याने 'अलीकडे थांबतो' असे धावपट्टीच्या क्रमांकासह म्हटलेच पाहिजे, असा नियम आहे. मुलीचे यंत्र हे दोन्ही बोलणे ऐकते. स्पीच रेकग्निशनने ते अक्षरांत उतरवते, विमानतळाच्या नकाशावर सांगितलेली वाट रेखाटते, आणि दोघांचे बोलणे जुळले नाही किंवा विमान वाट सोडून निघाले, तर नियंत्रकासमोर तांबडा दिवा लावते.

हे यंत्र अर्धेमुर्धे तयार होते तेव्हा मुलगी एका हिवाळ्यात पंधरा दिवस घरी येऊन राहिली. तिला निरनिराळ्या धाटणीचे इंग्रजी बोलणारे नियंत्रक हवे होते, आणि आमच्या मराठवाडी वळणाचे इंग्रजी बोलणारा एक निवृत्त नियंत्रक तिला फुकट उपलब्ध होता. रोज सकाळी ओसरीवर ती संगणक मांडून बसे आणि मी जुन्या सवयीने सूचना देत असे. यंत्राने माझे एकही वाक्य चुकीचे उतरवले नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो. पत्नी जवळच सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसलेली असे.

"चला," ती एकदा म्हणाली, "तुमचं सगळं बोलणं ऐकून घेणारं कुणीतरी गावलं. आता माझी सुट्टी झाली."

"तू कधी ऐकलंस?" मी म्हणालो.

"म्हणून तर सुट्टी मागायले."

त्याच आठवड्यात मुलीने आम्हाला यंत्राचा खेळ दाखवला. मी नियंत्रक झालो, ती वैमानिक झाली. मी सूचना दिली की धावपट्टीच्या अलीकडे थांबा. ती मुद्दाम म्हणाली, "ओलांडतो." लगेच पडद्यावर तांबडा दिवा लागला. मी टाळी वाजवली. मुलगी लाजली. ती सहावीत असताना पहिली आली होती, तेव्हाही तशीच लाजली होती.

पत्नीने टाळी वाजवली नाही. शेंग फोडता फोडता ती मुलीला म्हणाली, "आता त्याला नुसतं हो म्हण."

"म्हणजे?"

"त्यांनी थांब म्हणलं की तू नुसतं हो म्हण. काय थांबतो, कुठं थांबतो, काई सांगू नको."

मी पुन्हा सूचना दिली. मुलगी म्हणाली, "रॉजर." म्हणजे ऐकले. पडद्यावर काहीच झाले नाही. हिरवा दिवा होता तसाच राहिला.

"हे गप कावून बसलं?" पत्नीने विचारले.

"आई, त्यात जुळवून बघायला काहीच नाही ना. वैमानिकाने धावपट्टीचा नंबर घेतला नाही, रस्त्याचं नाव घेतलं नाही. चूक सापडायला आधी काहीतरी बोललेलं लागतं."

"मग तितंच तर बोंब मारायला पाहिजे, पोरी. उलटं बोलणारा चुकला ते तरी कळतंय. हो हो करणारा कुठं जाऊन धडकल, ते त्याला बी ठावं नसतंय."

 हातातला पेला खाली ठेवून मुलीने वही ओढली आणि बराच वेळ लिहीत बसली. पुढे चाचण्यांच्या वेळी याच भागाचे कौतुक झाले. नुसता होकार आला, तर यंत्र आता त्याला उत्तर मानत नाही. नियंत्रकासमोर पिवळा दिवा लागतो, आणि पूर्ण वाक्य परत येईपर्यंत तो विझत नाही.

पत्नीला हे कोठून कळले, ते आता सांगतो. तिचे वडील बैलगाडीने ऊस वाहणारे होते. दर हंगामाला ऊसतोडीची सगळी टोळी पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर जाई आणि ही लहानपणी त्यांच्याबरोबर असे. कारखान्याच्या आवारात शेकडो गाड्या एकामागे एक उभ्या. गाडी मागे सरकवताना हाकणाऱ्याला मागचे दिसत नाही, म्हणून मागे एक जण उभा राहून ओरडून सांगतो. एकदा मागून तिची आत्या ओरडली, "थांब, मी मधी हाय." हाकणारा म्हणाला, "हो हो." बैल सरकले आणि आत्याचा पाय चाकाखाली सापडला. तो माणूस काही वाईट नव्हता. तो दमलेला होता आणि त्याने सवयीने हो म्हटले होते. त्यानंतर त्या टोळीने एक रीत पाडली. मागच्याने सांगितलेले हाकणाऱ्याने पुन्हा म्हणून दाखवायचे: "थांबलो, आत्या मधी हाय." त्याला ते 'पोच देणे' म्हणत. पोच आल्याशिवाय मागचा माणूस जागचा हलत नसे, आणि नुसते हो म्हणणाऱ्याची गाडी रांगेतून बाहेर काढत. माझी पत्नी आठ-नऊ वर्षांची असताना गाडीमागे उभी राहून वडिलांकडून पोच घेत असे. भाच्याच्या लेखातली साधीभोळी ती हीच.

आता एक गोष्ट मला स्वतःविषयी सांगणे भाग आहे. ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. आमच्या नातेवाइकांत अशी एक कथा प्रचलित आहे की मी नोकरीत असताना प्रसंगावधान राखून दोन विमाने वाचवली. लग्नकार्यात ती कथा मला बाजूला बसवून माझ्याच देखत सांगितली जाते. मी तीही दुरुस्त करतो. त्या दुपारी मी एका विमानाला धावपट्टीच्या अलीकडे थांबण्यास सांगितले. वैमानिक म्हणाला, "रॉजर." मी त्याच्याकडून पूर्ण वाक्य मागून घ्यायला हवे होते. रेडिओवर आणखी तिघे ताटकळले होते. मी पुढच्याकडे वळलो. ते विमान थांबण्याची रेघ ओलांडून पुढे गेले, आणि त्याच धावपट्टीवर दुसरे उतरत होते. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने ते पाहिले आणि उतरणाऱ्याला पुन्हा वर जायला सांगितले. वाचवले असेल तर त्याने. माझ्या वाट्याला ठपका आला, आणि तो योग्य होता.

त्या दिवशी घरी आलो तो जेवलो नाही. पत्नीने कारण विचारले. मी सांगितले. मला वाटले, ती धीर देईल किंवा बोल लावील. तिने दोन्ही केले नाही. ताट पुढे सरकवून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "त्यानं पोच दिली न्हाई, अन् तुमी मागितली न्हाई. उद्यापासून मागत जावा." मग माझा हात ताटाशी नेऊन म्हणाली, "काय करणार उद्यापासून?"

"मागत जाईन," मी म्हणालो.

"काय मागत जाणार?"

"पोच मागत जाईन."

"जेवा आता."

निवृत्त होईपर्यंत एकाही वैमानिकाला मी नुसत्या होकारावर सोडले नाही. सहकारी मला त्रासदायक माणूस म्हणत. ती पदवी मला अजूनही आवडते. नियम माझ्या पुस्तकात पहिल्या दिवसापासून छापलेला होता. सवय मात्र मला एका बाईने लावली, आणि तिने तोवर विमानतळाचा दरवाजाही पाहिलेला नव्हता.

हे सर्व मी भाच्याला घरी बोलावून ऐकवले. तो माझ्यासमोर बसला होता आणि पत्नी खिडकीजवळच्या खुर्चीत होती.

"पण मामा, मी मामींना विचारलं ना," तो म्हणाला. "म्हणलं, मामी, मामा तुमच्याकडून परत म्हणवून घ्यायचे का? त्या हो म्हणल्या."

"आता आणखी एक विचार. विचार, मी लई हुशार हाय का."

तो हसला, पण त्याने विचारले. "मामी, मी लई हुशार हाय का?"

"हो," ती म्हणाली.

"विचार, मी बिनडोक हाय का."

"मामा, कायबी काय!"

"विचार की बे."

"मामी, मी बिनडोक हाय का?"

"हो," ती म्हणाली, आणि हसली. तिचे हसू आता चेहऱ्याच्या डाव्या बाजूलाच उमटते. पण त्या हसण्यात तिची जुनी खोडी शाबूत होती. मला शंका आहे की हा दुसरा 'हो' तिने विचार करून दिला.

आमचे रोजचे कसे चालते, ते भाच्याने तोवर पाहिलेले नव्हते. त्या दिवशी पाहिले. चारच्या सुमारास मी तिला विचारले, "चहा देऊ?" ती म्हणाली, "हो." मी तो होकार उत्तर मानला नाही. चहाचा कप आणि दुधाचा पेला दोन्ही तिच्यासमोर ठेवले आणि वाट पाहत बसलो. डावा हात हळूहळू उचलला गेला, चहाकडे वळला, थांबला, आणि दुधाच्या पेल्यावर टेकला. मी तो तिच्या हाती दिला. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू परीक्षेत मीच उत्तीर्ण झालो आहे. मुलगी बेंगळुरूहून व्हिडिओ कॉल करते तेव्हाही असेच करते. आईला दोन छायाचित्रे दाखवते आणि बोट टेकेपर्यंत घाई करत नाही. त्या हिवाळ्यात यंत्रासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात आईचा आवाज आहे. "मग तितंच तर बोंब मारायला पाहिजे, पोरी," हे वाक्य, मागे शेंगा फुटण्याच्या आवाजासकट. मुलीने ते जपून ठेवले आहे. मला एकदा ऐकवले. दुसऱ्यांदा ऐकव असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

हे सगळे ऐकून आणि पाहूनही भाचा सहजी हरला नाही. आमच्या घराण्याचाच गुण आहे तो. जाताना दारात चपला घालत म्हणाला, "मामा, तुमी म्हणता ते खरं असंल. मामींनी लेकीला सांगितलं, हे मला कबूल हाय. पण लग्नानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या तुमच्याच घरात राहिल्या. गाडीची, आत्याची गोष्ट सांगायला त्या टोळीतलं आज कोण राहिलंय? पोच घ्यायची सवय त्यांना तुमच्या नोकरीनंच लावली न्हाई, हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी त्याला दारातच थांबवले आणि उत्तर दिले. तेच येथे लिहितो, म्हणजे त्याला पुढच्या स्मरणिकेत दुरुस्ती छापता येईल.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी गेवराईच्या बाजाराला निघालो असताना, माझ्या आईच्या देखत, तिने मला गूळ, चुना आणि कंदिलाची काच आणायला सांगितली. मी 'हो' म्हणालो. तिने हातात धरलेला पिशवीचा बंद सोडला नाही. मी गूळ, चुना, कंदिलाची काच असे क्रमाने म्हटले तेव्हाच तो सोडला. त्या काळी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, आणि विमानतळाच्या नोकरीचे पत्र आले तेव्हा आमची मुलगी चालायला लागली होती.